भाऊजी, प्रो बॉक्सरला पगार किती असतो?

आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांचा मुलगा मागे गॅलरीत बँडेज वाळत घालत होता. बँडेज म्हणजे जखमेवरचं नव्हे. ग्लोव्हज घालण्याआधी बोटांची आणि मनगटाची हाडं सांभाळायला बॉक्सर जी चार-साडेचार मीटरची पट्टी गुंडाळतात, तिला आपल्याकडे बँडेजच म्हणतात. ती रोज घामाने भिजते, रोज धुवावी लागते आणि डिलाईल रोडच्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही.

"हा म्हणतोय, आता प्रोफेशनल होतो. म्हणजे पगार किती असतो?"

पोरगा बावीस वर्षांचा. ६० किलोच्या गटात राज्य स्पर्धेपर्यंत गेलेला. पहाटे शिवाजी पार्कला धावतो, दुपारी स्वतःचा सराव करतो आणि संध्याकाळी लोअर परळच्या एका जिममध्ये ऑफिसातून सुटलेल्या लोकांना पॅडवर ठोसे मारायला शिकवतो. त्याची कमाई तेवढीच. मी कधीकाळी एका वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर काम केलंय, त्यामुळे मजल्यावरचे असले खटले माझ्याकडे येतात.

त्याने मोबाईल पुढे केला. दुसऱ्या शहरातल्या एका आयोजकाचा मेसेज होता. सहा राउंड. वजन ६३.५. तारीख बारा दिवसांनी. समोरचा ५-०, म्हणजे पाच लढती जिंकलेला, एकही न हरलेला. खाली रक्कम, त्याच्या जिमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. आणि शेवटी, आजच्या आज कळव.

"पैसे चांगले आहेत, काका," तो म्हणाला.

पैसे खरोखरच वाईट नव्हते. पण हा मेसेज नीट वाचता यायचा तर व्यावसायिक बॉक्सिंग चालतं कसं ते आधी समजून घ्यावं लागतं, आणि ते टीव्हीवर दिसतं तसं चालत नाही.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: पगार नसतो. मराठीत आपण 'हौशी' आणि 'व्यावसायिक' असे दोन शब्द वापरतो आणि दोन्ही इथे उलटे पडतात. आपल्याकडचा चांगला हौशी बॉक्सर रेल्वेत, पोलिसांत किंवा सैन्यात नोकरीला असतो. त्याला पगार असतो, रजा असते, दुखापत झाली तर दवाखाना असतो. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि अनेक पोरं खेळाचं सर्टिफिकेट त्याच हिशेबाने जपून ठेवतात. व्यावसायिक बॉक्सर मात्र हातावर पोट असलेला माणूस. लढला तर पैसे, नाही लढला तर नाही. एका लढतीच्या मोबदल्याला 'पर्स' म्हणतात. ती जिंकण्यावर नव्हे, लढण्यावर ठरलेली असते आणि बहुतेक वेळा आधीच करारात लिहिलेली असते.

खेळही वेगळा होतो. ऑलिम्पिकमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे एकूण नऊ मिनिटं. तिथे पळतं घोडं जिंकतं: पटापट ठोसे मारायचे, गुण घ्यायचे, बाजूला व्हायचं. व्यावसायिक लढत चार फेऱ्यांपासून सुरू होते आणि जगज्जेतेपदाला बारा फेऱ्यांवर जाते, म्हणजे छत्तीस मिनिटं. (महिलांच्या फेऱ्या बहुधा दोन मिनिटांच्या आणि जास्तीत जास्त दहा.) अंगात बनियन नसतो, डोक्यावर हेडगार्ड नसतं. वेल्टरवेट या वजनी गटापर्यंत ८ औंसांचे ग्लोव्हज, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास; त्याच्या वरच्या गटांना १० औंस. नऊ मिनिटांच्या खेळात पोटावर मारलेला ठोसा फारसा कामाचा वाटत नाही. छत्तीस मिनिटांच्या खेळात तो उधारीसारखा असतो, दुसऱ्या फेरीत दिलेला आठव्या फेरीत वसूल होतो. समोरच्याचे हात खाली येऊ लागतात, पाय जड होतात, आणि मग वर हनुवटी मोकळी मिळते.

आता निकाल कसा लागतो ते पाहू. उदाहरण वरळीचं घेतो. ५ ऑगस्ट २०१७ ला एनएससीआयच्या डोममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची दहा फेऱ्यांची लढत झाली. डब्ल्यूबीओ या संघटनेचा एशिया पॅसिफिकचा पट्टा विजेंदरकडे होता, ओरिएंटलचा झुल्पिकारकडे, आणि दोन्ही पणाला लागले होते. विजेंदर जिंकला. तीन पंचांची कार्डं अशी होती: ९६-९३, ९५-९४, ९५-९४.

हे आकडे उलगडून पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९. कुणी खाली पडला तर बहुतेकदा ८. साधी, न पाडापाडीची फेरी म्हणजे १९ गुण, दहा फेऱ्या म्हणजे १९०. पण वरच्या तिन्ही कार्डांची बेरीज करून पाहा. तिन्ही ठिकाणी १८९ येते. एक गुण कुठे गेला? कमरेखाली मारल्याबद्दल झुल्पिकारचा एक गुण कापला गेला होता. तो परत घातला तर कार्डं होतात ९६-९४, ९५-९५, ९५-९५. म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या मते फेऱ्या पाच-पाच वाटल्या गेल्या होत्या. तो एक ठोसा चार बोटं वर बसला असता तर लढत बरोबरीत सुटली असती आणि दोघे आपापला पट्टा घेऊन घरी गेले असते.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी मथळा विजयाचाच होता, आणि तो चूक नव्हता. तिन्ही पंचांनी एकालाच विजयी ठरवलं की त्याला एकमताचा निर्णय म्हणतात. दोघांनी एकाला आणि तिसऱ्याने दुसऱ्याला दिलं तर विभागलेला निर्णय. पण 'एकमत' हा शब्द ऐकून लढत एकतर्फी झाली असेल असं समजू नये. पंच स्वच्छ बसलेले ठोसे पाहतात, परिणामकारक आक्रमण पाहतात, बचाव पाहतात आणि रिंगवर ताबा कुणाचा होता तेही पाहतात. रिंगच्या तीन बाजूंना तीन माणसं बसलेली असतात आणि एकाला दिसलेला ठोसा दुसऱ्याला पाठमोरा असतो. त्या रात्री जिंकल्यावर विजेंदरने झुल्पिकारचा पट्टा परत देण्याची तयारी दाखवली होती. डोकलामवरून दोन्ही देशांत ताण होता, म्हणून. मला तो प्रसंग आवडतो. आणि तो एक गुण माहीत असला की आणखीच आवडतो.

गुणांची वेळ येण्याआधी संपणाऱ्या लढतीही असतात. दहा आकडे मोजेपर्यंत उठला नाही तर नॉकआउट. उभा आहे पण स्वतःला वाचवू शकत नाही असं रेफरीला वाटलं, तर तो मध्ये पडतो. तो तांत्रिक नॉकआउट. आपल्या कोपऱ्यातून टॉवेल टाकला गेला तरी लढत संपते. टॉवेल टाकणारा सर, म्हणजे प्रशिक्षक, माझ्या मते जिंकवून देणाऱ्या सरांपेक्षा मोठा, पण अशांचा सत्कार झालेला मी पाहिलेला नाही.

जोड कोण लावतं?

या धंद्याचं मर्म मात्र रिंगच्या बाहेर आहे. जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला ते पटकन कळेल. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, आणि शेवटी दिवे लागणीला मोठ्या इनामाची. पण कुणाची कुस्ती कुणाशी, हे मैदानात ठरत नाही. जोड लावणारी पंचमंडळी असतात. जोड चांगली लागली तर कुस्ती रंगते, वाईट लागली तर एका मिनिटात आटोपते, आणि मुद्दाम वाईट लावली तर एखाद्या पोराचं नाव होतं.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जोड लावणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात आणि त्याला कामावर ठेवणारा असतो प्रमोटर, म्हणजे कार्यक्रमाचा आयोजक. प्रमोटर ज्या पोरात पैसा गुंतवतो त्याला तो एकदम वाघासमोर सोडत नाही. पहिल्या लढती चार फेऱ्यांच्या, समोर कमी ताकदीचा. मग थोडा उंच, मग डावखुरा, मग मार सहन करणारा जुना माणूस. पुढे सहा फेऱ्या, आठ, दहा. प्रत्येक लढत म्हणजे शिकवणी असते आणि त्याच वेळी जाहिरातही.

विजेंदरचीच चढण पाहा. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधला कांस्यपदक विजेता. १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये चार फेऱ्यांच्या लढतीने सुरुवात, तिसऱ्या फेरीतच निकाल. पुढच्या नऊ महिन्यांत सात लढती. सातवी १६ जुलै २०१६ ला दिल्लीत केरी होपविरुद्ध, पहिल्यांदाच पूर्ण दहा फेऱ्या आणि पहिला पट्टा. अशा बारा लढती तो सलग जिंकला. तेरावी मार्च २०२१ मध्ये, गोव्यात एका कॅसिनो जहाजावर, रशियाच्या आर्तिश लोप्सानशी. सव्वा वर्षाहून मोठी विश्रांती झाली होती, वय ३५ होतं. पाचव्या फेरीत लढत थांबवली गेली. बारा पायऱ्या नीट रचलेल्या होत्या. तेराव्या पायरीपर्यंत समोरचा तरुण झाला होता आणि हा म्हातारा, बॉक्सिंगच्या हिशेबाने.

यात फसवणूक आहे का? वहिनींनी हेच विचारलं. नाही, सरसकट नाही. पहिलीतल्या पोराला दहावीचा पेपर कुणी देत नाही. पण यावरून एक लक्षात ठेवावं: बॉक्सरच्या नावापुढे १०-० लिहिलेलं असेल तर आधी विचारायचं, ते दहा जण कोण होते? बॉक्सरेक नावाचं एक संकेतस्थळ जगभरच्या व्यावसायिक लढतींची नोंद ठेवतं. समोरच्या त्या दहा जणांची पानं उघडून पाहिली की दोन मिनिटांत कळतं, हा पोरगा डोंगर चढलाय की जिना.

आणि ते समोरचे कोण असतात, ही तर वेगळीच गोष्ट. बॉक्सिंगमध्ये हरण्यावर घर चालवणारी माणसं आहेत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचा पीटर बकली नावाचा बॉक्सर होऊन गेला. त्याने ३०० व्यावसायिक लढती केल्या आणि २५६ हरला. तो अडाणी बॉक्सर नव्हता. उलट त्याला इतकं चांगलं बचाव करता यायचं की नव्या पोराला चार-सहा फेऱ्या खेळवून, स्वतः फारसा मार न खाता, तो पर्स खिशात घालून घरी जायचा. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात फोन यायचा, कुणीतरी ऐन वेळी गळालंय, येतोस का? २००८ मध्ये शेवटची, तीनशेवी लढत तो जिंकला आणि थांबला. मला त्याच्याबद्दल आदर आहे. तो कुठल्या कोपऱ्यात उभा आहे हे त्याला नेमकं माहीत होतं.

पट्ट्यांचा बाजार

आपल्याकडे पट्टा मिळाला की 'जगज्जेता' लिहून मोकळं होतात. जगात चार मोठ्या संघटना आहेत: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. पुरुषांचे रूढ वजनी गट सतरा. प्रत्येक गटात प्रत्येक संघटनेचा एक जगज्जेता धरला तरी अडुसष्ट होतात. त्याखाली खंडांचे, प्रदेशांचे, तरुणांचे असे पट्टे वेगळे. वरळीतले दोन्ही पट्टे त्या प्रादेशिक खालच्या थरातले होते. त्यांना किंमत नाही असं नव्हे. त्यातून क्रमवारीत वर चढता येतं. पण तो जिन्याचा कठडा आहे, गच्ची नव्हे. एकाच गटातले चारही पट्टे एकाकडे आले तर त्याला निर्विवाद विजेता म्हणतात, आणि ते किती दुर्मिळ ते यावरून कळेल: हेवीवेटमध्ये १९९९ मध्ये लेनॉक्स लुईस तेव्हाच्या तीन मोठ्या पट्ट्यांवर निर्विवाद ठरला, त्यानंतर थेट मे २०२४ मध्ये ओलेक्झांडर उसिक. पट्ट्याच्या लढतीसाठी संघटना बॉक्सरच्या पर्समधून काही टक्के शुल्कही घेते, हे जाता जाता.

लाखाचे किती?

समजा आपल्या पोराला एका लढतीचे एक लाख मिळाले. हा आकडा हिशेबापुरता आहे, बाजारभाव नव्हे. मॅनेजर, म्हणजे बॉक्सरच्या बाजूने बोलणारा माणूस, त्याचा वाटा पाव ते एक तृतीयांशापर्यंत असू शकतो. तीस हजार धरा. सरांचे साधारण दहा टक्के, दहा हजार. उरले साठ. लढतीआधी रक्ताच्या तपासण्या, एचआयव्ही आणि काविळीच्या विषाणूंच्या, डोळ्यांची तपासणी, चांगल्या ठिकाणी मेंदूचा एमआरआय. ते कोण भरणार, हे करारात नसेल तर तुम्हीच. मग आठ आठवड्यांचा खुराक, फिजिओ, स्पॅरिंगसाठी, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतींसाठी, प्रवास. आणि जो खर्च कुणी धरत नाही तो: या आठ आठवड्यांत संध्याकाळचे जिमचे क्लास बुडतात. आपण 'लाखाचे बारा हजार' उधळ्या माणसाला म्हणतो. इथे एक पैसा न उधळता माणूस तिथपर्यंत पोहोचतो.

इंग्लंडमधल्या छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांत तर बॉक्सरला स्वतःच तिकिटं खपवावी लागतात. जितकी खपली त्यावर त्याचे पैसे. म्हणजे ज्याचे मामा-मावश्या जास्त, तो बॉक्सर मोठा. मुंबईत ही पद्धत आली तर आमच्या चाळीतून दोन-तीन जगज्जेते सहज निघतील.

शिखरावरचे आकडे डोळे दिपवणारे आहेत, हे खरं. २ मे २०१५ ला फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ लास वेगासमध्ये लढले तेव्हा अमेरिकेत ४६ लाख घरांनी ती एक लढत पाहायला वेगळे पैसे मोजले. एका सामन्यासाठी वेगळे पैसे मोजायची सवय आपल्याकडे नाही आणि भारतातल्या व्यावसायिक बॉक्सिंगची अडचण तिथेच सुरू होते. शिखरावर पोहोचलेल्यांचंही पुढे काय होतं ते माइक टायसनने दाखवलंय. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी हेवीवेटचा जगज्जेता, आजवरचा सगळ्यात लहान. कमाई तीस कोटी डॉलरच्या वर गेल्याचं सांगितलं जातं. २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

प्रमोटर आणि मॅनेजर एकच माणूस असला तर बॉक्सरच्या बाजूने भाव कोण करणार? या प्रश्नावर अमेरिकेने २००० मध्ये खास कायदा केला आणि त्याला मुहम्मद अलीचं नाव दिलं. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. व्यावसायिक परवान्यासाठी इंडियन बॉक्सिंग कौन्सिल आहे, पण कराराचा कागद वाचायला शेवटी घरातलंच कुणीतरी लागतं.

सुरुवातीचा भाव हौशी कारकिर्दीवर ठरतो. कर्नालचा निशांत देव पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरला, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याची पहिली व्यावसायिक लढत थेट लास वेगासला झाली आणि पहिल्याच फेरीत संपली. राज्य पातळीवरच्या पोराला ते दार उघडत नाही. परतीचा रस्ता मात्र आता पूर्वीसारखा बंद नाही. २०१६ पासून व्यावसायिकांनाही ऑलिम्पिकला वाव मिळाला. विकास कृष्ण अमेरिकेत दोन व्यावसायिक लढती जिंकून परत आला आणि टोकियोला खेळला. नोकरीचं तेवढं सोपं नाही. विजेंदर हरियाणा पोलिसांत उपअधीक्षक होता, आणि तो प्रो झाल्यावर त्या पदाचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला होता.

वजन, आणि त्याहून नाजूक वस्तू

मेसेजमध्ये वजन ६३.५ होतं. पोरगा ६० चा.

लढतीचं वजन आदल्या दिवशी होतं. त्यामुळे जवळजवळ सगळेच बॉक्सर एक चलाखी करतात. एरवी ६८ किलोचा माणूस शेवटच्या काही दिवसांत मीठ-पाणी तोडतो, प्लास्टिकचा सूट घालून धावतो, काट्यावर ६३.५ भरतो, आणि रात्रभरात पाणी-जेवण घेऊन दुसऱ्या दिवशी ६७ होऊन रिंगमध्ये येतो. म्हणजे 'तीन किलोच जास्त' असं वाटलं तरी समोर प्रत्यक्षात सहा-सात किलो जास्त उभे असू शकतात. मुंबईत हे वजन काढणं आणखी वाईट. घाम येतो भरपूर, पण हवेतच ओल असल्याने तो वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मे महिन्यात प्लास्टिकचा सूट घालून धावणारं पोर वजनाच्या आधी शुद्ध हरवू शकतं. सुकलेल्या शरीराने मार खाणं धोक्याचंच, आणि शरीर एका रात्रीत पूर्ण भरून येत नाही.

आता डोक्याचं. मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने हुक बसला की डोकं गर्रकन वळतं, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि मग ओढला जातो. सरळ धक्क्यापेक्षा हे वळणं जास्त घातक. मेंदूच्या पृष्ठभागापासून बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा या ओढाताणीत फाटल्या तर रक्त साचतं, मेंदू दाबला जातो आणि तासाभराच्या आत शस्त्रक्रिया लागू शकते. म्हणून रिंगशेजारी डॉक्टर आणि बाहेर इंजिन चालू असलेली रुग्णवाहिका, यांच्याशिवाय लढत होता कामा नये. ग्लोव्हज मुख्यतः हात वाचवतात. त्यांनी उलट डोक्यावर जास्त वेळा आणि जास्त जोरात मारता येतं. हेडगार्डने कातडी फुटणं कमी होतं, हा हिंदकळा थांबत नाही. हौशी पुरुष बॉक्सिंगने २०१३ पासून वरच्या स्तरावर ते काढूनच टाकलं.

१३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू रे मँचिनीविरुद्ध चौदाव्या फेरीपर्यंत लढला, कोसळला आणि चार दिवसांनी गेला. तेव्हा जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असत. डब्ल्यूबीसीने लगेच त्या बारावर आणल्या, बाकीच्या संघटना काही वर्षांत मागून आल्या. आज आपण बारा फेऱ्या पाहतो त्या या माणसामुळे.

पण एका रात्रीत होणाऱ्या मृत्यूपेक्षा हळूहळू होणारं नुकसान जास्त जणांना गाठतं. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर, जड जिभेवर लेख लिहिला आणि त्यांच्यातला रूढ शब्द वैद्यकात आणला: पंच-ड्रंक, ठोशांनी झिंगलेला. आता त्यामागच्या आजाराला सीटीई म्हणतात. त्याची खात्री आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. आणि तो फक्त नॉकआउटने होत नाही. शुद्ध न हरपता खाल्लेले हजारो छोटे ठोसे त्यात जमा होत जातात, आणि त्यातले बहुतेक लढतीत नव्हे, स्पॅरिंगमध्ये बसतात, जिथे प्रेक्षक नसतात आणि मोजणाराही नसतो. मुहम्मद अलीला १९८४ मध्ये, ४२ व्या वर्षी पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. बॉक्सिंगचा त्यात किती वाटा, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण कारकिर्दीच्या शेवटी त्याने किती मार खाल्ला ते चित्रीकरणात सगळ्यांना दिसतं.

म्हणून नॉकआउट झालेल्या बॉक्सरला सक्तीची विश्रांती असते, बहुतेक ठिकाणी किमान ३० दिवस, अनेकदा जास्त. त्या काळात स्पॅरिंगही नाही. नियम चांगला आहे. पण ज्याची लढत हुकली की हप्ता हुकतो, त्याला डोकं दुखतंय हे तो कुणाला सांगेल? सरांनाही नाही. आईला तर नाहीच.

हे सगळं मी वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं तेव्हा तिसऱ्यांदा चहा झाला होता. त्या मध्येच म्हणाल्या, "म्हणजे हरला तरी ठरलेले पैसे मिळतात."

"मिळतात."

त्यांनी थोडा विचार केला. "मग हरायला माणसं आणतात ती कुठून?"

मी मुलाकडे पाहिलं. त्याने मोबाईल काढून तो मेसेज पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. पहिलीच लढत, आणि चारऐवजी सहा फेऱ्या. स्वतःच्या नव्हे, वरच्या गटाचं वजन. आठ आठवड्यांऐवजी बारा दिवस, म्हणजे कुणीतरी गळालंय. समोरचा ५-०, आणि कार्यक्रम समोरच्याच्याच गावात.

"आई, ही जोड त्याच्यासाठी लावलीय," तो म्हणाला.

मग त्याने उत्तर टाइप केलं. ६१.२ किलो, चार राउंड, आठ आठवडे, एमआरआयचा खर्च तुमचा. पाठवण्याआधी मला दाखवलं. मी फक्त शेवटी 'कृपया' घालायला सांगितलं.

याला तीन आठवडे झाले. उत्तर आलेलं नाही. दरम्यान त्याने रेल्वेच्या क्रीडा कोट्याचा फॉर्म आणलाय, आणि तो भरायला काल पुन्हा माझ्याकडे आला होता.